आजीच्या दंडावरचा व्रण : बोस्टन, मुंबई आणि आपला जालना



मागच्या हिवाळ्यात अंबड तालुक्यातल्या एक आजी नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. पोराला पाच दिवसांपासून ताप, डोळे लाल, अंगभर पुरळ. गोवर होता. घरच्यांनी दाराला लिंबाचा डहाळा लावला होता, फोडणी बंद केली होती आणि "देवी आल्यात, दवाखान्यात कसं न्यायचं?" म्हणून पोराला घरातच ठेवलं होतं. शेवटी आजींनीच हट्ट धरला. मी त्यांना विचारलं, "आजी, तुम्हाला कसं सुचलं?" त्यांनी पदर बाजूला सारून दंड दाखवला. त्यावर रुपयाएवढे दोन जुने व्रण होते. "मला टोचलं होतं. पाठच्या भावाचं राहिलं. तो गेला," एवढंच त्या म्हणाल्या.

साधारण 1975 च्या आधी जन्मलेल्या कुणाचाही दंड किंवा हात पाहा, बहुतेकांना असे व्रण दिसतील. ही देवीच्या लसीची खूण. त्यानंतर जन्मलेल्यांच्या डाव्या दंडावर एक छोटा व्रण असतो, तो बीसीजीचा म्हणजे क्षयाच्या लसीचा. त्या दोन्हींत गल्लत करू नका.

देवीच्या या व्रणामागे मोठा इतिहास आहे. अलीकडे मी अमेरिकेच्या सुरुवातीच्या काळावरचं इतिहासकारांचं नवं लेखन वाचत होतो. वाचताना सारखी आपल्या गावांची आठवण येत होती. म्हणून आज औषधगोळ्यांऐवजी थोडा इतिहास सांगतो. तो तुमच्या घरातल्या लहान मुलांच्या कामाचा आहे.

आधी थोडं आजाराबद्दल

आपल्याकडे अंगावर काहीही उठलं की "देवी आल्या" म्हणतात. पण देवी, कांजिण्या आणि गोवर हे तीन वेगवेगळ्या विषाणूंचे तीन वेगळे आजार आहेत. खरी देवी यांत सगळ्यात भयंकर होती. लस न घेतलेल्या दर दहा रुग्णांपैकी साधारण तीन जण दगावायचे. जे वाचायचे त्यांच्या चेहऱ्यावर कायमचे वण राहायचे, काहींची दृष्टी जायची. मात्र एकदा देवी येऊन गेली की पुन्हा सहसा यायची नाही. लोकांच्या हे हजारभर वर्षांपूर्वीच लक्षात आलं होतं आणि लसीची सगळी कहाणी या एका निरीक्षणातून सुरू होते.

बोस्टन, 1721

तेव्हा अमेरिका स्वतंत्र देश नव्हता. बोस्टन हे इंग्रजांच्या वसाहतीतलं सुमारे 11,000 वस्तीचं बंदर. 1721 च्या एप्रिलमध्ये वेस्ट इंडीजकडून आलेल्या जहाजाबरोबर तिथे देवी आली. वर्षभरात जवळपास 5,900 लोकांना लागण झाली आणि 844 मेले. निम्मं गाव आजारी पडलं, असं समजा.

गावात कॉटन मॅदर नावाचे वजनदार धर्मोपदेशक होते. त्यांनी डॉक्टरांना एक उपाय सुचवला. देवीच्या रुग्णाच्या फोडातला थोडा द्रव घ्यायचा आणि निरोगी माणसाच्या कातडीवर छोटी चीर देऊन त्यात भरायचा. त्या माणसाला सौम्य देवी येते आणि तो आयुष्यभरासाठी मोकळा होतो. बाकीच्या डॉक्टरांनी कानावर हात ठेवले. झॅबडिएल बॉयलस्टन हे एकटे तयार झाले. 26 जून 1721 रोजी त्यांनी पहिला प्रयोग केला. त्यानंतर त्यांनी सुमारे 240 जणांना असं टोचलं. त्यांतले 6 दगावले. म्हणजे आपसूक देवी आलेल्यांत शंभरात 14 मृत्यू आणि टोचलेल्यांत शंभरात दोन-तीन. वैद्यकात आकडे मोजून उपचाराची तुलना करण्याचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण.

गावात मात्र रणकंदन झालं. विल्यम डग्लस नावाचे डॉक्टर विरोधात उभे राहिले. नोव्हेंबरमध्ये कुणीतरी मॅदर यांच्या घरात पेटता हातबॉम्ब फेकला, नशिबाने तो फुटला नाही. आणि एक गोष्ट लक्षात घ्या, विरोधकांचा एक मुद्दा बरोबर होता. असं टोचलेला माणूस स्वतः सौम्य आजारी असला तरी दुसऱ्यांना खरी देवी देऊ शकत होता.

ही कल्पना कुणाची होती?

जुन्या पुस्तकांत ही मॅदर आणि बॉयलस्टन या दोन धाडसी पुरुषांची कथा म्हणून येते. पण मॅदर यांना हे कुणी सांगितलं? ओनेसिमस नावाच्या माणसाने. तो आफ्रिकेतून आणलेला गुलाम होता आणि 1706 मध्ये मॅदर यांच्या अनुयायांनी तो त्यांना भेट दिला होता. "तुला देवी येऊन गेल्या का?" असं विचारल्यावर त्याने सांगितलं की आपल्याकडे असं टोचतात आणि मलाही टोचलेलं आहे. त्याने खूणही दाखवली. मॅदर यांनी 1716 मध्ये हे लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवलं. म्हणजे कागद होताच, पण त्यातल्या ओनेसिमसकडे बराच काळ फार कुणी पाहिलं नाही.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांतल्या इतिहासकारांनी हे चित्र बदललं. मार्गो मिनार्डी यांनी 2004 च्या एका निबंधात दाखवलं की बोस्टनच्या भांडणात वैद्यकाइतकाच वर्णाचा प्रश्न होता. आफ्रिकी लोकांच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा का, हाच मोठा वाद होता. विरोधकांनी त्यांची टिंगल केली. आणि बॉयलस्टन यांनी पहिल्या दिवशी कुणाला टोचलं? स्वतःच्या सहा वर्षांच्या मुलाला, जॅक नावाच्या आपल्या गुलामाला आणि त्या गुलामाच्या छोट्या पोराला. मुलाला टोचण्यात बापाचं धाडस होतं, यात शंका नाही. पण गुलामाची परवानगी कुणी विचारली होती? नव्या इतिहासात हे दोन्ही प्रश्न एकत्र येतात. डॉक्टर म्हणून मला हे वाचताना थोडं अवघडल्यासारखं झालं, आणि तसं व्हायलाच हवं होतं.

युद्ध आणि देवी

1775 मध्ये अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं. त्याच काळात, 1775 ते 1782, संपूर्ण उत्तर अमेरिका खंडात देवीची प्रचंड साथ पसरली. एलिझाबेथ फेन यांनी 2001 च्या "पॉक्स अमेरिकाना" या पुस्तकात ही विसरलेली साथ पुन्हा उभी केली. सैन्याच्या नोंदी, चर्चमधल्या दफनाच्या वह्या, व्यापाऱ्यांच्या डायऱ्या असं सगळं जुळवून त्यांनी दाखवलं की या साथीत एक लाखाहून अधिक माणसं मेली. युद्धात मेलेल्या अमेरिकी सैनिकांपेक्षा हा आकडा कितीतरी मोठा आहे.

सुरुवातीला क्यूबेकच्या मोहिमेत अमेरिकी सैन्य देवीनेच खिळखिळं केलं. सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन यांना स्वतःला तरुणपणी देवी येऊन गेलेली, त्यामुळे तिची ताकद त्यांना माहीत होती. फेब्रुवारी 1777 मध्ये त्यांनी सैनिकांना टोचण्याचा हुकूम दिला. टोचलेले सैनिक काही आठवडे आजारी पडणार आणि शत्रूला कळलं तर तो तेव्हाच हल्ला करणार, हा धोका होता. तरी त्यांनी तो पत्करला.

मुंबई, 1802

1796 मध्ये इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर यांनी पुढची पायरी गाठली. देवीऐवजी गायीच्या सौम्य देवीचा द्रव टोचला तरी माणसाचं रक्षण होतं आणि तो दुसऱ्याला खरी देवी देत नाही. डग्लस यांच्या आक्षेपाला हे उत्तर मिळालं. लॅटिनमध्ये गायीला "वाका" म्हणतात, त्यावरून "वॅक्सीन" हा शब्द आला.

पण ही लस भारतात आणायची कशी? तेव्हा बर्फ नाही, फ्रीज नाही. वाळवलेला द्रव उष्णतेत निकामी व्हायचा. ती व्हिएन्ना, इस्तंबूल, बगदाद, बसरा अशा टप्प्यांनी मुंबईला पोहोचली. 14 जून 1802 रोजी मुंबईत ऍना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या हातावर लस धरली. भारतात यशस्वी लस मिळालेली ती पहिली व्यक्ती. तिच्या हातावरच्या फोडातून आणखी पाच मुलांना टोचलं, त्यांच्याकडून पुढच्यांना, आणि त्याच वर्षात लस मद्रास आणि कलकत्त्यापर्यंत गेली.

याला "हातून हाती" लस देणं म्हणत. फ्रीजऐवजी लहान मुलाचा दंड! दर आठवड्याला एक नवं मूल लागायचं. 1803 मध्ये स्पेनने अमेरिका खंडातल्या आपल्या वसाहतींना लस पाठवली ती अशीच. जहाजावर 22 अनाथ मुलगे होते आणि त्यांची काळजी घ्यायला इसाबेल सेंदाल ही अनाथाश्रमाची प्रमुख बाई. वाटेत थोड्या थोड्या दिवसांनी दोन-दोन मुलांना टोचत त्यांनी अटलांटिक महासागर पार केला. मायकेल बेनेट यांनी 2020 च्या पुस्तकात लसीचा हा जगभरचा प्रवास एकत्र मांडला आहे. तो वाचताना लक्षात येतं की लस जगभर वाहून नेली ती मुलांनी, आणि त्यांतली बहुतेक गरिबाघरची किंवा अनाथ होती.

आता आपल्या जिल्ह्याशी काळ जुळवून पाहा. ऍनाला लस टोचल्यानंतर पंधरा महिन्यांनी, 23 सप्टेंबर 1803 रोजी आपल्या असईच्या मैदानावर आर्थर वेलस्ली आणि मराठे यांची लढाई झाली. लढाईचा इतिहास आपण शाळेत शिकलो. त्याच सुमारास आपल्या मुलखाकडे निघालेल्या लसीचा इतिहास आपल्याला कुणी शिकवला नाही.

लोक अडाणी होते म्हणून घाबरले?

मी वैद्यकीय कॉलेजात शिकलो तेव्हा असंच सांगितलं जायचं. इंग्रजांनी लस आणली, लोकांनी अंधश्रद्धेमुळे नाकारली. डेव्हिड अर्नोल्ड यांच्यासारख्या इतिहासकारांनी जुने सरकारी अहवाल तपासून दाखवलं की गोष्ट इतकी सरळ नाही.

एक म्हणजे बंगाल, ओडिशा, बनारस या भागांत टीकादार लोक देवीचा द्रव टोचण्याचं काम लस येण्याआधीपासून करत होते. टोचण्यापूर्वी पथ्य, नंतर थंड पाणी, देवीची पूजा, सगळं ठरलेलं. लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता. सरकारने लसीसाठी पुढे या टीकादारांवरच बंदी आणली.

दुसरं म्हणजे हातून हाती पद्धतीत आईला आपल्या मुलाचा फोड पुन्हा उघडू द्यावा लागायचा, तो दुखायचा. कुणाच्या अंगातलं कुणाच्या अंगात जाणार, यावरून जातीचाही प्रश्न यायचा. शिवाय या पद्धतीने दुसरे आजार पसरू शकतात, ही भीती खोटी नव्हती. वासराच्या अंगावर लस तयार करायला सुरुवात झाल्यावर हा प्रश्न बराच सुटला. त्या काळी मुंबईत देवी टोचण्याच्या कामात ग्रँट मेडिकल कॉलेजच्या 1851 च्या पहिल्या तुकडीतले अनंत चंद्रोबा यांच्यासारखे आपले डॉक्टरही होते. मृदुला रमण्णा यांनी मुंबईच्या आरोग्य-इतिहासावरच्या आपल्या लेखनात अशा भारतीय डॉक्टरांचं काम पुढे आणलं.

इथे व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका गोष्टीबद्दल बोलायला हवं. "गायीच्या देवीची लस आपल्या प्राचीन ग्रंथांत होती" असा मेसेज तुम्हालाही आला असेल. ही गोष्ट आजची नाही, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे. डॉमिनिक वुजास्टिक या संस्कृतच्या अभ्यासकांनी 1987 मध्ये या दाव्याचा मागोवा घेतला. असा प्राचीन पुरावा सापडत नाही, लोकांनी लस स्वीकारावी म्हणून त्या काळात जुन्या ग्रंथांच्या नावाने काही मजकूर रचला गेला, असं त्यातून दिसतं. देवी टोचण्याची आपली टीका पद्धत खरी होती, तिचा अभिमान जरूर बाळगा. त्यासाठी खोट्या श्लोकांची गरज नाही.

"कोऱ्या जमिनी"चा प्रश्न

युरोपीय लोक अमेरिकेत गेल्यावर तिथले मूळ रहिवासी प्रचंड संख्येने मेले. त्याचं कारण आपण ऐकलेलं असतं : त्यांच्या शरीराला या आजारांची ओळखच नव्हती. आल्फ्रेड क्रॉस्बी यांनी 1976 मध्ये याला "कोऱ्या जमिनीवरची साथ" म्हटलं आणि ते लोकप्रिय झालं.

डेव्हिड जोन्स हे स्वतः डॉक्टर आणि इतिहासकार. त्यांनी 2003 मध्ये याची फेरतपासणी केली. विषाणू नवा होता, हे खरं. पण त्याच वेळी त्या लोकांच्या जमिनी गेल्या, पिकं जाळली गेली, गुलामगिरी आणि युद्ध आलं, घरातली सगळी माणसं एकदम आजारी पडल्यावर पाणी द्यायलाही कुणी उरलं नाही. मृत्यू इतके वाढले ते या सगळ्यामुळे. पॉल केल्टन यांनी चेरोकी लोकांबद्दल 2015 मध्ये लिहिलं की ते नुसते हतबल बसले नव्हते. त्यांचे वैद्य रुग्णांना वेगळं ठेवायचे, येणं-जाणं बंद करायचे.

हे वाचून मला दाराचा लिंबाचा डहाळा आठवला. त्या डहाळ्यात औषध किती, हा प्रश्न बाजूला ठेवा. "या घरात आजारी माणूस आहे, आत येऊ नका" ही सूचना त्यातून गावाला मिळायची. ती उपयोगाचीच होती.

शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. बी तेच असलं तरी जमीन आणि पाणी कसं, त्यावर पीक ठरतं. आजाराचंही तसंच. झारखंडमध्ये झालेला "रेशन्स" नावाचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. क्षयरुग्णाच्या घरातल्या लोकांना सकस शिधा दिल्यावर त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी झालं. यात नवं औषध काही नव्हतं, मुख्यतः धान्य आणि डाळ. म्हणून क्षयरुग्णाला सरकारकडून पोषणासाठी महिन्याला मिळणारे 1,000 रुपये उपचाराचाच भाग समजा. ते खाण्यावरच खर्च करा.

मग आपण काय करायचं?

भारतात देवीचा शेवटचा रुग्ण मे 1975 मध्ये सापडला. 1980 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर केलं. लसीने पृथ्वीवरून पूर्ण नाहीसा केलेला माणसाचा हा एकमेव आजार आहे. गोवर मात्र अजून आहे. 2022 मध्ये मुंबई, भिवंडी, मालेगावात त्याने लहान मुलांचे बळी घेतले.

आपल्या जिल्ह्यात माझी मोठी काळजी ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची आहे. दसरा-दिवाळीनंतर बिऱ्हाड निघतं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतं. नेमका लसीचा दिवस मधे हुकतो. तिथे पालातली गर्दी, थंडी, अर्धपोटी राहणं. जोन्स यांनी काही शतकांपूर्वीच्या अमेरिकेबद्दल लिहिलेलं मला आपल्या पालांवर दिसतं.

म्हणून एवढं लक्षात ठेवा :

• गोवर-रुबेलाची लस दोनदा : पहिली 9 महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी 16 ते 24 महिन्यांत. हुकली असेल तरी उशिरा का होईना, द्या.

• ऊसतोडीला निघताना लसीकरणाचं कार्ड सोबत घ्या. कारखान्याजवळच्या कोणत्याही सरकारी आरोग्य केंद्रात लस मोफत मिळते. गाव कोणतं, याने फरक पडत नाही.

• गोवर आला तर दाराला डहाळा लावायला माझी हरकत नाही. पण मुलाचं खाणं-पिणं तोडू नका. अंगावर पिणाऱ्या बाळाला पाजत राहा. डॉक्टरांकडून 'अ' जीवनसत्त्वाचे दोन डोस, दोन दिवस लागोपाठ, घ्या.

• श्वास जोरात चालणं, पाणी न पिणं, झोपून राहणं, झटके, कान वाहणं, डोळ्यावर पांढरा ठिपका : यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.

• पुरळ उठल्यावर चार दिवस मुलाला अंगणवाडीत, शाळेत, लग्नकार्यात नेऊ नका.

आणि एक विनंती माझ्यासारख्या डॉक्टरांनाही. मॅदर यांनी निदान ओनेसिमसला विचारलं आणि त्याचं ऐकून घेतलं. आपल्यासमोर बसलेल्या माणसाला काही माहीत असू शकतं, हे आपण गर्दीच्या ओपीडीत विसरतो. त्या अंबडच्या आजींनी सुनेला जे समजावलं, ते माझ्या भिंतीवरच्या तक्त्याने झालं नसतं. नातू आठवड्याभरात खेळायला लागला. त्याच्या धाकट्या बहिणीला लस द्यायची राहिली होती, ती पुढच्या बुधवारी दिली.

तुमच्या घरात कुणाच्या दंडावर तो जुना व्रण असेल तर त्यांना विचारा : कुणी टोचलं, कुठे, तेव्हा गावात काय चाललं होतं? इतिहासकारांना अशा नोंदी शोधायला शंभर वर्षं लागतात. तुमच्या घरातला साक्षीदार अजून तुमच्या शेजारी बसलेला आहे.